‘गेले’ म्हणायचं नाही

त्यांना ‘हवालदार’ हे नाव कुणी ठेवलं ते विचारू नका. विचारलंत तर सगळी कॅज्युल्टी एकमेकांकडे बोट दाखवेल. तोंडावर सगळे ‘सिस्टर’च म्हणत, हवालदार म्हणायची छाती कुणाची होती? बाई साडेचार फूट आणि वर दोन बोटं. वाऱ्याने उडतील अशी अंगकाठी. पण दवाखान्यात जिथं अपघाताचे आणि तातडीचे पेशंट आणतात, त्या कॅज्युल्टीच्या दाराशी टेबल टाकून त्या बावीस वर्षं बसल्या होत्या, आणि आत कुणी आधी जायचं, कुणी मागून, हे त्या ठरवत.

ठरवायची त्यांची रीत साधी होती. दारातून माणूस येताना त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्या, मग त्याच्या ओठांकडे, मग नखांकडे. बोंब मारत आलेला असला तर म्हणायच्या, "ओरडता येतंय ना? मग श्वास ठणठणीत आहे. बसा." आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून गुपचूप बसलेल्या एखाद्या घामेजल्या माणसाला हाताला धरून सगळ्यांच्या आधी आत न्यायच्या. मग ओरडणाऱ्याचे नातेवाईक भडकायचे. आम्ही काय मूर्ख म्हणून बसलोय? ओळखीचा होता वाटतं तुमचा? सगळ्यांना पी हळद नि हो गोरी असं हवं असतं. सिस्टर ऐकून घ्यायच्या आणि पुढच्याचा केसपेपर ओढायच्या. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा स्वभाव, पण बावीस वर्षांत कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं.

आणि त्या बाईचा हात मोडला तो एका शब्दापायी.

मंगळवार होता, सकाळचे अकरा. एक आजोबा घरात पडून कमरेचं हाड दुखावून आले होते. त्यांना तीन नंबरच्या बेडवर घेतलं. मुलगा बाहेर थांबला. मुलगा क्रेन चालवणारा, दार भरेल एवढा. दीड तासात तो चार वेळा विचारायला आला आणि चारही वेळा त्याला एकच उत्तर मिळालं, "थांबा." कुणी खोटं बोललं नव्हतं, पण कुणी काही सांगितलंही नव्हतं. दरम्यान स्ट्रेचर ढकलणारे मामा मागच्या बोळातून आजोबांना एक्स-रेला घेऊन गेले. हे बाहेर कुणाला दिसलं नाही.

तेवढ्यात आतून आयाबाईंनी हाक मारली, "सिस्टर, तीन नंबरचे आजोबा कुठायत?"

सिस्टर एका पोरीच्या भाजलेल्या हातावर गार पाणी धरून होत्या. मान न वळवता त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ते मघाशीच गेले! बेड पुसून घ्या!"

झालं. ‘ध’चा ‘मा’ व्हायला तिथं कुणी अक्षर बदलायचीही गरज नव्हती. आपल्या भाषेत एक्स-रेला गेलेलाही गेला आणि कायमचा गेलेलाही गेलाच. त्यातून वर ‘बेड पुसून घ्या’! क्रेनवाल्याने शेजारचं स्टीलचं स्टूल उचललं. सिस्टरांनी डोकं वाचवायला डावा हात वर केला, म्हणून डोकं वाचलं. हाताची दोन्ही हाडं मोडली. वॉचमन बाहेर गाड्या लावून देत होता; तो धावत येईपर्यंत स्टूल दुसऱ्यांदा वर गेलं होतं आणि औषधांचं काचेचं कपाट खाली आलं होतं.

आणि त्याच वेळी मागच्या दाराने मामा स्ट्रेचर ढकलत आले. स्ट्रेचरवर आजोबा. काचा बघून आजोबांनी मान उचलली आणि विचारलं, "काय रे, कोण पडलं?"

आता कुणी म्हणेल, बाईंनीच जरा शब्द जपून वापरायचा होता. म्हणणाऱ्याला एक दिवस त्या टेबलाशी बसवावं. एका हाताने भाजलेलं पोर धरायचं, दुसऱ्याने केसपेपर लिहायचा आणि तोंडाने शब्दकोश उघडून बोलायचं. शिकवणारे काय, पैशाला पासरी मिळतात.

सहा आठवडे प्लास्टर. घरी माणसांची रीघ लागली, आणि आलेला प्रत्येक जण सल्ला घेऊन आला. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, स्वभावाने संथ, त्याचंही एकच पालुपद, "पुरे झालं आता. दुसरीकडे काम मागून घे." एकट्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं वय पंच्याहत्तर, आणि सून घरात बसली की आपल्या स्वयंपाकात लुडबुड होते हे त्यांचं खरं दुखणं.

दुसऱ्या आठवड्यात क्रेनवाल्याची बायको आली. हात जोडून म्हणाली, "ताई, पोलिसातली तक्रार मागं घ्या ना. रागाच्या भरात झालं हो. त्यांना वाटलं, वडील गेले."

सिस्टरांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बाई, वडील खरंच गेले असते तरी स्टूल मारायचं नसतं."

ती रडायला लागली. सिस्टरांचेही डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "शब्द माझा होता. तो मी सुधारीन. हात त्यांचा होता. त्याचं उत्तर त्यांनी द्यावं. तुमच्यावर माझा राग नाही, पण तक्रार राहील." आणि तक्रार राहिली. पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षाही झाली. पण ते बरंच पुढचं.

बोलायला बाई अशी वाघीण. पण आतून काय चाललं होतं ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. दुपारी चारला सासूबाईंच्या हातून पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडलं. खणखणलं. आणि सिस्टरांना भान आलं तेव्हा त्या कपाट आणि भिंतीच्या फटीत उकिडव्या बसल्या होत्या, चांगला हात डोक्यावर, अंग थरथरतंय. बावीस वर्षं रक्त बघणारी बाई एका झाकणाला भ्याली. त्या तिथेच बसून हमसून हमसून रडल्या. अशी मी त्या टेबलाशी परत कशी बसणार, एवढंच त्यांच्या मनात होतं. सासूबाई कणीक मळत राहिल्या. "ऊठ, चहा टाक," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा झाकण पडलं. तिसऱ्या दिवशीही. सिस्टर दचकायच्या, घामेघूम व्हायच्या, मग चिडायच्या. आठव्या दिवशी त्या नुसत्या चिडल्या. "आई, हात थरथरतात का तुमचे? डॉक्टरांना दाखवायचं का?"

"माझे हात काय झालेत?" म्हातारी म्हणाली. "मी मुद्दाम पाडते. तू दचकायची थांबलीस की मीही थांबेन. झाकणाला पोचे पडलेत, लवकर आटप."

प्लास्टर निघालं आणि मोठ्या साहेबांनी, म्हणजे दवाखान्याच्या अधीक्षकांनी, त्यांना खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या साहेबाला लोखंड फार आवडतं. त्यांनी कागद पुढे केला. कॅज्युल्टीच्या टेबलाला छतापर्यंत लोखंडी जाळी, मध्ये केसपेपर सरकवायला वीतभर झरोका. आणि सिस्टरांची बदली वरच्या मजल्यावर, चादरी आणि उशांच्या अभ्र्यांच्या खोलीत.

"तुमच्या भल्यासाठीच," साहेब म्हणाले.

"साहेब, चादरीला काय विचारू? कुठं दुखतंय?"

साहेब हसले नाहीत. सिस्टर पुढे म्हणाल्या, "जाळीतून मला माणसाची नखं दिसणार नाहीत. ओठ दिसणार नाहीत. झरोक्यातून नुसता आवाज येईल, आणि मग जो मोठ्याने ओरडेल तो आधी आत जाईल. गप्प बसलेला मरेल. मला जाळी नको. मला टेबल हवं."

"आणि उद्या पुन्हा कुणी स्टूल उचललं तर?"

"स्टूल ठेवूच नका ना! बाकं आणा आणि जमिनीला ठोका. टेबलाखाली घंटीचं बटण द्या, वॉचमनला गाड्या सोडून दाराच्या आत उभा करा, आणि मागचं दार आतून लागेल असं करा. गोड बोलून स्टूल थांबत नाही हे माझ्या हाताला विचारा. पण एवढं केलंत तर बाकीचं माझं मी बघते."

साहेबांनी पेन त्या कागदावर आडवं ठेवलं. शेवटी म्हणाले, "एक महिना. या महिन्यात माझ्या कुठल्याही माणसावर एक जरी हात उठला, तर जाळी लागणार आणि तुम्ही वर चादरींत. कबूल?"

"कबूल," सिस्टर म्हणाल्या. जाळी आधीच करून आली होती. ती महिनाभर त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी राहिली. मागे वळलं की दिसायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. मामा, आयाबाई, वॉचमन, आणि नव्या डॉक्टरबाई, ज्यांचं वय सव्वीस आणि ज्यांना प्रत्येक गोष्टीचं हसू यायचं. सिस्टर म्हणाल्या, "आजपासून इथं ‘गेले’ म्हणायचं नाही. एक्स-रेला नेलं, वॉर्डात पोचवलं, घरी सोडलं. ‘गेले’ हा शब्द एकाच कामासाठी ठेवायचा, आणि तो फक्त मी वापरणार. किंवा डॉक्टर."

"आणि चुकून तोंडातून आला तर?" मामांनी विचारलं.

"तर पुढची फेरी त्याची."

फेरी म्हणजे काय, तर दर अर्ध्या तासाने बाहेरच्या हॉलमध्ये जायचं आणि बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाला त्याच्या माणसाचं काय चाललंय ते सांगायचं. सांगायला काही नसलं तरी जायचं आणि सांगायला काही नाही असं सांगायचं. मामा म्हणाले, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आपण होऊन लोकांच्या तोंडी लागायचं. सिस्टर म्हणाल्या, "तो माणूस चार वेळा विचारायला आला होता. आपण एकदा जरी गेलो असतो..." आणि जीभ चावून म्हणाल्या, "पोचलो असतो."

भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी लिहून लावली. ‘इथे "गेले" हा शब्द एकाच अर्थाने वापरला जातो. तो आम्ही शेजारी बसून सांगतो. तोवर तुमचं माणूस आहे.’

"लोक घाबरतील हो," नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

"घाबरतातच. निदान पाटी वाचून घाबरतील, अफवा ऐकून नको."

हॉलमधलं घड्याळ कित्येक वर्षं सात वाजून वीस मिनिटांवर थांबलं होतं. बंद घड्याळाखाली बसवून माणसाला ‘थांबा’ म्हणणं ही शिवी आहे, असं सिस्टर घरी जेवताना बोलल्या. रविवारी नवरा आपली पेटी घेऊन आला, शिडीवर चढला, डोळ्याला भिंग लावून दोन तास खुडबुड केली आणि घड्याळ चालू करून उतरला. "चादरींच्या खोलीत गेलीस तर हे कोण बघणार," एवढं पुटपुटला आणि पेटी उचलून निघाला. सिस्टरांना हसूही आलं आणि रडूही.

मग सुरू झाली गंमत. ‘गेला’ या शब्दावाचून आपलं किती अडतं ते तोंड बंद केल्यावर कळतं! मामा म्हणायला लागले, "लाईट आजारी आहे." वॉचमन सांगू लागला, "चहावाला आता इथं नाही, पण जिवंत आहे." नव्या डॉक्टरबाई एकदा खुशीत येऊन म्हणाल्या, "सुंठीवाचून खोकला गे—" आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आयाबाई ‘गेलाबाजार दहा तरी माणसं आहेत’ म्हणाल्या तेव्हा वाद पेटला, हा शब्द धरायचा की नाही. सिस्टरांनी धरला. आयाबाई कुरकुरत फेरीला निघाल्या आणि हसत परत आल्या. कुणी म्हातारीने त्यांच्या गालावरून हात फिरवला होता.

सिस्टरांचं मात्र सोपं नव्हतं. पहिल्या फेरीला त्या तिसऱ्या बाकापर्यंतच पोचल्या. एक धिप्पाड माणूस नुसता उभा राहिला, पाय मोकळे करायला, आणि यांचे पाय जमिनीला चिकटले. डावा हात अॅप्रनच्या खिशात कोंबून त्या परत आल्या. पण दुसऱ्या फेरीला पाचव्या बाकापर्यंत पोचल्या. चौथ्या दिवशी शेवटच्या.

तो शब्द त्यांना एकदा खरंच वापरावा लागला. आठव्या दिवशी. एका शिक्षिकेचा नवरा कामावरून येताना रस्त्यातच कोसळला होता. डॉक्टरबाईंनी पाऊण तास झटून पाहिलं. सिस्टर बाहेर आल्या, त्या बाईंच्या शेजारी बाकावर बसल्या, त्यांचा हात आपल्या मोडून जुळलेल्या हातात घेतला आणि हळू म्हणाल्या, "ते गेले." बाईंनी जो टाहो फोडायचा तो फोडला, सिस्टर अर्धा तास तिथून हलल्या नाहीत. सगळ्या हॉलने ते पाहिलं. पाटीवर लिहिलंय ते खरं आहे, हे त्या दिवशी लोकांना कळलं.

आणि एका शुक्रवारी काठी टेकत एक म्हातारा टेबलासमोर येऊन उभा राहिला. सिस्टरांनी सवयीने आधी तोंड, मग ओठ, मग नखं बघितली आणि मग ओळखलं. तेच आजोबा.

"सिस्टर, मी गेलो नव्हतो," आजोबा म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. मीच पाठवलं होतं तुम्हाला."

"पोरावरची तक्रार मागं घ्या म्हणायला आलो नाही. त्याला उंचावर काम करायला मी शिकवलं. खाली उतरल्यावर कसं वागायचं ते शिकवायचं राहिलं." आजोबांनी काठी टेबलाला टेकवली. "तुमचा हात कसा आहे ते बघायला आलो."

सिस्टरांनी हात टेबलावर ठेवून दाखवला. पाची बोटं हलवून दाखवली. त्यानंतर आजोबा दर मंगळवारी आणि शुक्रवारी कमरेचा व्यायाम करायला दवाखान्यात येत आणि झाल्यावर तासभर हॉलमधल्या पहिल्या बाकावर बसून राहत. नव्या माणसाला पाटी वाचून दाखवणं हे काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं.

महिन्याचे दोन दिवस उरले होते. दुपारी साडेबाराला फोन वाजला. शिलाईच्या कारखान्याची बस वळणावर उलटली होती. चौदा जखमी आणत होते.

चौदा जखमी म्हणजे हॉलमध्ये सत्तर माणसं. कुणाची आई, कुणाचा दीर, कुणाचे शेजारी. बाकं भरली, दाराबाहेर गर्दी झाली. सिस्टर टेबलाशी उभ्या राहूनच चौदा जणांची तोंडं, ओठ, नखं बघत होत्या. सहा आधी, पाच मागून, तीन बसू शकतात. अर्ध्या तासाने, तशा गर्दीतही, त्यांनी फेरी मारली. एका मुलीचा भाऊ, बाजारात पाठीवर पोती वाहणारा हमाल, दाराशीच ठाण मांडून होता. त्याला त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या बरगडीला मार आहे. एक्स-रे काढायला नेतोय. श्वास चालू आहे. अर्ध्या तासाने पुन्हा सांगते."

"नक्की ना, बाई?"

"घड्याळ बघा," सिस्टर म्हणाल्या.

घड्याळात वीसच मिनिटं झाली होती, आणि मागच्या बोळातून मामांची आरोळी आली. महिनाभर जपून ठेवलेलं शहाणपण त्या एका क्षणात पार धुऊन निघालं. "सिस्टर! अहो सिस्टर! गेली! गेली हो, गेली!"

सगळ्या हॉलने ते ऐकलं. मग हमाल उठला. दाराशी ड्रेसिंगच्या सामानाची ट्रॉली होती. तिच्यावरचा स्टीलचा मोठा ट्रे त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि फरशीवर आपटला. कात्र्या, चिमटे, वाट्या चहूकडे उडाल्या. त्याच्यामागून गर्दी दाराकडे लोटली. नव्या डॉक्टरबाई भिंतीला चिकटल्या.

आणि सिस्टर? सिस्टर दचकल्या नाहीत. तो आवाज त्यांच्या कानांत शिरला आणि त्यांच्या मनात आलं, चार वाजले वाटतं. झाकण पडलं.

डाव्या हाताने त्यांनी टेबलाखालचं बटण दाबलं. घंटा घणघणली, वॉचमन दारात आडवा झाला, आयाबाईंनी डॉक्टरबाईंना आत ओढलं आणि मागचं दार लावून घेतलं. मग त्या साडेचार फुटी बाईने खुर्चीवर पाय दिला आणि ती टेबलावर चढून उभी राहिली.

"मी म्हटलं?" त्या ओरडल्या. बावीस वर्षांत कुणी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "मी म्हटलं का गेली? माझ्या तोंडून ऐकलंत? मी तुमच्या शेजारी येऊन बसले का? नाही ना? मग गेली नाही!"

हमालाची मूठ वर होती. ती वरच राहिली.

पहिल्या बाकावर काठी दणादणा आपटली. आजोबा उभे राहिले होते. "अरे, ऐका त्या बाईंचं!" ते म्हणाले. "मला एकदा गेला म्हणाले होते इथं! माझ्या पोराने खरं मानलं आणि या बाईंचा हात मोडला. आणि मी हा! अजून बसलोय! कंबर दुखते, पण बसलोय!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. लोटलेली गर्दी पाऊलभर मागे सरली.

"मामा!" सिस्टरांनी टेबलावरूनच हाक मारली. "काय गेली?"

बोळाच्या तोंडाशी मामा येऊन उभे राहिले. समोरचं सगळं बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं. "ला... लाईट, सिस्टर. एक्स-रेच्या खोलीतली लाईट."

"आजारी आहे म्हणावं!" दारातून वॉचमन ओरडला, आणि सगळा हॉल फुटला. सत्तर माणसं, कुणाचं रक्ताचं माणूस आत, आणि हसता हसता रडत होती.

सिस्टर खाली उतरल्या. हमालासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हतं. "मूठ खाली करा आणि चला," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी बघा." वॉचमनला बरोबर घेऊन त्या त्याला आत घेऊन गेल्या. अंधाऱ्या खोलीच्या दाराशी स्ट्रेचरवर त्याची बहीण पडली होती, पांढरीफटक, पण डोळे उघडे. भावाला बघून ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "दादा, माझा डबा बसमध्येच राहिला रे."

तो बाहेर आला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "आहे! आहे!" मग गुडघ्यांवर बसून एकेक कात्री, एकेक चिमटा गोळा करायला लागला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, ते तसंच गळत होतं. "बाई, चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलंच," सिस्टर म्हणाल्या. "आता ते सगळं उकळावं लागेल. तिकडं ठेवा."

चौदाच्या चौदा जण त्या दिवशी वाचले.

मोठे साहेब जिन्यात उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. गर्दी जरा निवळल्यावर ते टेबलाशी आले. मागच्या जाळीकडे बघून म्हणाले, "सिस्टर, हात तर उठला."

"ट्रेवर उठला, साहेब. माणसावर नाही. अट माणसाची होती." आणि पुढे म्हणाल्या, "ट्रेही ठोकून टाकू जमिनीला, म्हणाल तर."

साहेबांनी खूप दिवसांनी हसून घेतलं. मग त्यांनी वॉचमनला बोलावून जाळी उचलायला लावली. काढून टाकलेली स्टीलची स्टुलं जिन्याखाली पडून होती. ती जाळी त्या जिन्याखालच्या कोनाड्याला बसवली आणि कुलूप लावलं. पिंजऱ्यात गेली ती स्टुलं. सिस्टरांचं टेबल उघडंच राहिलं, ते आजपर्यंत.

त्या दिवशी चारला सुटायच्या त्या पाच वाजता सुटल्या. दंड म्हणून मामा फेरी मारत होते आणि प्रत्येक बाकावर टाळ्या घेत होते. सिस्टरांनी अॅप्रन घडी करून पिशवीत टाकला, आजोबांना हात केला आणि बाहेरच्या दाराकडे निघाल्या. डावा हात खिशात नव्हता. तो मजेत हलत होता.

एवढ्यात आतून नव्या डॉक्टरबाई हातात केसपेपर घेऊन धावत आल्या आणि रिकामी खुर्ची बघून मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, हवालदार सिस्टर गेल्या?"

अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "गेल्या नाहीत! घरी निघाल्यात!"

सिस्टर दारात थांबल्या. वळून त्यांनी डॉक्टरबाईंकडे असं काही बघितलं की त्यांच्या हातातला केसपेपर खाली पडला.

"आणि उद्या आठला येतेय," हवालदार म्हणाल्या. "डॉक्टर, पुढची फेरी तुमची."